औषधसाठा आणि रोगाची नोंद : मस्तिष्कावरणशोथाच्या इतिहासात जव्हार-मोखाडा

रोगांचा इतिहास लिहिताना शोधांच्या तारखा हाताशी असतात. म्हणून आपण त्यांच्यावरच इतिहासाची उभारणी करतो. जंतू कोणत्या साली सापडला, औषध कोणत्या साली निघाले, लस कोणत्या साली टोचली जाऊ लागली, या टप्प्यांनी प्रकरणे पाडली की ग्रंथ सुबक होतो. परंतु औषध निघणे आणि ते रोग्याच्या उशाशी असणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांच्यामधील अंतर कधी काही महिन्यांचे, तर कधी अर्ध्या शतकाचे असते. ते मोजण्याचे खरे साधन म्हणजे औषधसाठा : तो कोठे होता, कोणाच्या ताब्यात होता, आणि तो वापरण्याचे ज्ञान व अधिकार कोणाकडे होते. प्रस्तुत निबंधात मस्तिष्कावरणशोथ, म्हणजे व्यवहारात ज्याला मेनिंजायटिस म्हणतात तो रोग, आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन तालुके यांच्या संदर्भात या अंतराचा विचार करावयाचा आहे.

हाच रोग निवडण्याचे कारण असे की, तो वेळ देत नाही. मेंदू व मज्जारज्जू यांवरील आवरणांचा हा दाह जंतुजन्य असेल, तर तापाच्या पहिल्या दिवसापासून शुद्ध हरपेपर्यंत एकदोन दिवस लागतात. कित्येकदा काही तासच. उपचार न झाल्यास बहुतेक रोगी दगावतात, आणि जे वाचतात त्यांतील कित्येकांना बहिरेपण, अपस्मार किंवा बुद्धिमांद्य आयुष्यभर पुरते. क्षयजन्य प्रकार सावकाश, काही आठवड्यांत वाढतो. पण औषधावाचून त्याचा शेवटही तोच. कुष्ठरोगाच्या किंवा फुप्फुसाच्या क्षयाच्या रोग्याला औषधासाठी महिनाभर थांबावे लागले, तर त्याची हानी होते. पण तो बहुधा जिवंत असतो. जंतुजन्य मस्तिष्कावरणशोथात साठा आठ तासांच्या वाटेवर असणे आणि साठा नसणे यांत व्यवहारतः फारसा भेद उरत नाही.

ज्या प्रदेशाविषयी लिहावयाचे आहे, त्याची प्रशासकीय घडण थोडी निराळी आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल, वस्ती बहुतांशी वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी व महादेव कोळी यांची. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले. शेजारचा मोखाडा मात्र आधीपासून इंग्रजी मुलखातला. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील तो एक पेटा होता. म्हणजे एकाच डोंगराळ पट्ट्यातील, एकाच बोलीच्या व एकाच दारिद्र्याच्या लोकांची कागदोपत्री नोंद १९४८ पर्यंत दोन निरनिराळ्या दरबारांत होत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हा दोन्ही तालुके त्यात गेले. या भागावर अभ्यास करू इच्छिणाऱ्याने हे दुहेरी दप्तर ध्यानात ठेवावे. एका बाजूचे कागद पाहून दुसऱ्या बाजूविषयी विधाने करण्याचा मोह या क्षेत्रात फार होतो.

आता औषधांकडे वळू. जिनेव्हा येथे व्ह्यूसो याने १८०५ साली या रोगाच्या साथीचे वर्णन केले. वायक्सेलबाउम याने १८८७ मध्ये त्याचा एक प्रमुख जंतू ओळखला. आणि १८९१ मध्ये क्विंके याने पाठीच्या मणक्यांतून सुई घालून मेरुद्रव काढण्याची रीत प्रचारात आणली. निदानाचा मार्ग त्यामुळे खुला झाला. उपचार मात्र १९०६-०७ च्या सुमारास निघाला : घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिजंतू सीरम. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्स्नर याने ते पाठीच्या कण्यातून रोग्यास देण्याची पद्धत रूढ केली, आणि पूर्वी शंभरांत सत्तरांहून अधिक रोगी जेथे मरत, तेथे मृत्यूचे प्रमाण तिसाच्या आसपास आले. परंतु हे औषध शहराबाहेर पडू शकत नव्हते. त्याला घोड्यांची पागा हवी, थंड साठवण हवी, पाठीत सुई घालणारा सराईत हात हवा. सीरमचा साठा म्हणजे एका बाटलीचा साठा नव्हे; एका संपूर्ण संस्थेचा साठा होय. ज्या गावाला बैलगाडीचा रस्ता नाही, त्या गावाच्या दृष्टीने ते निघालेच नव्हते.

१९३५ नंतर सल्फा औषधे आली आणि १९३७ मध्ये सल्फॅनिलमाइडचा या रोगावरील गुण प्रसिद्ध झाला. या घटनेचे महत्त्व औषधशास्त्राच्या ग्रंथांत परिणामकारकतेच्या अंगाने सांगितले जाते. आमच्या मते तिचे दुसरे अंग तितकेच मोलाचे आहे : सल्फा ही गोळी होती. तिला बर्फ लागत नव्हता, ती खिशात घालून घाट चढता येत होता, आणि ती देण्यास शल्यवैद्य नको होता. मस्तिष्कावरणशोथावरील घाट चढू शकणारे हे पहिले औषध. आफ्रिकेतील साथींत सल्फाने जे काम केले, ते याच गुणामुळे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करी तळांवर सल्फाला न जुमानणारे जंतू ठळकपणे दिसून आले आणि या गोळीचे राज्य ओसरू लागले. तिच्या जागी जी औषधे आली, ती अधिक गुणकारी, पण पुन्हा सुईची. औषधांच्या इतिहासात प्रगती आणि पोच एकाच दिशेने चालतात असे गृहीत धरू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पेनिसिलिनची कथा महाराष्ट्राच्या अधिक जवळची आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे हे औषधे देशातच बनली पाहिजेत या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत उपमहासंचालकांच्या दर्जाच्या पदावर गेले. त्या संघटनेच्या व युनिसेफच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. कंपनीची स्थापना १९५४ ची आणि पेनिसिलिनचे उत्पादन १९५५ पासूनचे. तोवर आयातीवर अवलंबून असलेले औषध सह्याद्रीच्या पायथ्याशीच तयार होऊ लागले. पिंपरीच्या त्या कारखान्याचा अभिमान एका पिढीने मनापासून बाळगला, आणि तो अनाठायी नव्हता. पण मस्तिष्कावरणशोथात पेनिसिलिन मोठ्या मात्रेने, दर चार तासांनी, शिरेतून द्यावे लागते. साठा पिंपरीस तयार झाला, जिल्ह्यास पोहोचला, अगदी तालुक्याच्या दवाखान्यातही ठेवला, तरी रात्रभर दर चार तासांनी सुई देणारी परिचारिका नसेल तर तो कपाटातला साठा राहतो. पुढे हा कारखाना डबघाईस आला. १९९७ मध्ये तो आजारी उद्योग ठरला, आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकण्याचा व पुढे त्यातील भांडवल दुसऱ्याकडे सोपविण्याचा निर्णय केला. उद्योगांच्या इतिहासकारांनी हा विषय हाताळला आहे. आपल्याला तो येथे ओझरता पुरे.

क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण साठ्याने वैद्यकाची रीतच कशी बदलली याचे ते उदाहरण आहे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. तोपर्यंत हा रोग झालेले मूल वाचत नसे; अपवाद इतके विरळ की मूळ निदानाचीच शंका यावी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनपाशी डॉलर नव्हते आणि अमेरिकेतून मिळालेला स्ट्रेप्टोमायसिनचा साठा अगदी तुटपुंजा होता. तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने तो प्रथम क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या व सर्वांगी पसरलेल्या क्षयाच्या रोग्यांसाठी राखला, कारण त्यांना दुसरा तरणोपाय नव्हता. फुप्फुसाच्या क्षयासाठी जे थोडे उरले, ते सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. मग कोणाला औषध व कोणाला केवळ विश्रांती हे यदृच्छेने ठरवावे, अशी योजना ब्रॅडफर्ड हिल यांनी केली. १९४८ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आधुनिक चिकित्सा-संशोधनाचा पाया मानली जाते. त्या पायाचा एक दगड म्हणजे औषधाचा तुटवडा होय.

भारतात या बाजूने दोन गोष्टी घडल्या. १९५१ पासून बी.सी.जी. टोचण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. ही लस प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला फारसा आळा घालत नाही, हे पुढे दिसून आले. परंतु लहान मुलांना होणाऱ्या क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथापासून ती बऱ्यापैकी संरक्षण देते. जव्हार-मोखाड्यातील बाळाच्या दंडावरचा वण हा खरे पाहता या रोगाविरुद्धच्या साठ्याची तेथवर पोहोचलेली सर्वांत जुनी खूण आहे. लोक तिला क्षयाची लस म्हणतात, आणि पुस्तकेही तिचे हे दुसरे काम एका ओळीत उरकतात. दुसरी गोष्ट मद्रासची. तेथील क्षय-रसायनोपचार केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की, योग्य गोळ्या नियमित मिळाल्या तर घरी राहणारा गरीब रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. साठा संस्थेच्या भिंतींतून बाहेर काढता येतो, याचा तो भारतातील पहिला भक्कम पुरावा.

आतापर्यंतच्या विवेचनात जव्हार-मोखाड्याचा उल्लेख थोडा आला, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. त्याला कारण आहे, आणि तोच या निबंधाचा मुख्य मुद्दा होय. मस्तिष्कावरणशोथाचे निश्चित निदान पाठीतील पाणी काढून, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होते. ही सोय जेथे नाही, तेथे हा रोग मृत्यूच्या नोंदीत स्वतःच्या नावाने उतरत नाही. तो 'ताप' म्हणून उतरतो, 'आकडी' म्हणून उतरतो, 'न्यूमोनिया' किंवा 'कमी वजन' म्हणून उतरतो. मासिक अहवालातील त्याच्या रकान्यात 'निरंक' असा शब्द लिहिला जातो. निरंक म्हणजे रोग नव्हता असे नव्हे. रोगाला नाव देणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आणि मागणीपत्र तयार होते ते मागील नोंदींवरून. नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून साठा नाही, साठा व निदान नाही म्हणून रोगी तालुक्यापर्यंत येण्याचे प्रयोजन नाही, आणि तो आला नाही म्हणून पुन्हा नोंद नाही. हे चक्र कोणा एका कर्मचाऱ्याच्या दुष्टाव्याने किंवा आळसाने फिरत नाही. सगळे जण नियमाप्रमाणे वागले तरीही ते फिरते. म्हणूनच ते मोडण्यास कठीण आहे.

या भागातील बालमृत्यूंचा सार्वजनिक इतिहास कुपोषणाच्या नावाने लिहिला गेला आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. १९९५ मध्ये शासनाने आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आखली. तीत भरारी पथके आली, पाडा स्वयंसेवक आले, पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना आगाऊ धान्य पोहोचविण्याची तरतूद आली. २०१६ मध्ये मोखाड्यातील मृत्यूंनी तोच प्रश्न पुन्हा उभा केला. कुपोषण हे कारण खरेच आहे, यात शंका नाही. परंतु कुपोषित मूल बहुधा केवळ उपासमारीने मरत नाही. दुबळ्या शरीरात शिरलेला जंतू शेवटचा घाव घालतो, मग तो फुप्फुसात असो, रक्तात असो वा मेंदूच्या आवरणात असो. 'कुपोषण' या एका शब्दाने राजकीय दृष्ट्या मोठे काम केले. वैद्यकीय इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याने त्या शेवटच्या घावाचे नाव झाकले. धान्याच्या साठ्याविषयी जितकी चर्चा झाली, तितकी जंतुनाशकांच्या साठ्याविषयी झाली नाही.

आगोटीची बेगमी हा शब्द कोकणात घरोघर ठाऊक आहे. मृगापूर्वी मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण भरून ठेवावयाचे. सरकारी औषधसाठ्यालाही या प्रदेशात आगोट असते. खोडाळा, मोऱ्हांडा, आसे, वाशाळा येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कक्षेतील कित्येक पाडे पावसात ओढ्यांपलीकडे राहतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरील बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागले, ही बातमी देशभर गेली. त्या महिन्यात त्या रस्त्याने औषधाची पेटीही तितक्याच कष्टाने वर चढली असती. (या डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेचे पाणी मात्र बोगद्यांतून व नळांतून बिनबोभाट मुंबईस पोहोचते. खाली जाण्याची वाट बांधणे माणसाला नेहमीच सोपे वाटत आले आहे.) जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय हे या भागाचे मोठे ठिकाण; त्यापलीकडे मोखाड्याचा रोगी पुष्कळदा त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जातो, म्हणजे स्वतःचा जिल्हा सोडून. त्याचे निदान झालेच, तर ते नाशिकच्या दप्तरात जमा होते आणि मोखाड्याचा रकाना निरंक राहतो.

दुसरी अडचण ऋतूची. दिवाळीनंतर येथील कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर भिवंडी, वसईकडे उतरतात ती पावसाच्या तोंडाशी परततात. साठा लोकसंख्येच्या हिशोबाने पाड्यावर आणि मूल भट्टीवर, अशी स्थिती वर्षाचे कित्येक महिने असते. स्थिर गावाच्या कल्पनेवर आधारलेली साठ्याची पद्धत स्थलांतरित माणसाला पकडू शकत नाही.

आता एका विसंगतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. जगाच्या पाठीवर मस्तिष्कावरणशोथासाठी औषधसाठ्याची सर्वांत विचारपूर्वक व्यवस्था झाली ती सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेसाठी, आणि तिचा मोठा आधार महाराष्ट्रातच होता. १९९६ मध्ये त्या पट्ट्यात अडीच लाखांच्या आसपास लोकांना हा रोग झाला व सुमारे पंचवीस हजार मेले. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेडक्रॉस व 'सीमारहित डॉक्टर' यांनी एक आंतरराष्ट्रीय समन्वय गट स्थापून लसीचा व तेलातील क्लोरॅम्फेनिकॉलचा आपत्कालीन साठा ठेवण्यास आरंभ केला. तेलातील क्लोरॅम्फेनिकॉल हे या कथेतील उपेक्षित औषध आहे : स्नायूत एकच सुई, बर्फाची गरज नाही, किंमत अल्प. पण श्रीमंत देशांत त्याला गिऱ्हाईक नव्हते आणि मूळ उत्पादकाने १९९५ मध्ये ते बनविणे बंद केले. त्यानंतर स्वयंसेवी संस्थांना त्याचे उत्पादन अन्यत्र करवून घ्यावे लागले. पुढे नायजरमधील चाचणीने सेफ्ट्रायॅक्सोनची एक सुई त्याच्या तोडीची असल्याचे २००५ मध्ये दाखविले.

लसीचे काम पुण्यात झाले. २००१ मध्ये सुरू झालेल्या मेनिंजायटिस लस प्रकल्पाला आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते की, लस अर्ध्या डॉलरच्या आत मिळाली तरच तिचा उपयोग. मोठ्या कंपन्यांनी हात आखडला. मग अमेरिकेच्या औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांची जोडणीची रीत, हॉलंडमधील शर्करा-घटक आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे धनुर्वात-प्रथिन व कारखाना यांच्या मेळातून 'मेनआफ्रिव्हॅक' तयार झाली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली आणि अ गटाच्या जंतूची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली. २०१२ मध्ये बेनिनमध्ये ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवून वापरण्यात आली. शेवटच्या मैलाचा प्रश्न लसीच्या घडणीतच सोडविण्याचा हा प्रयत्न होता. त्याच कारखान्याची पाच गटांवरील लस जुलै २०२३ मध्ये मान्यता पावली व २०२४ मध्ये प्रथम नायजेरियात वापरली गेली.

ही लस जव्हार-मोखाड्याला का मिळाली नाही, असा प्रश्न येथे करणे चुकीचे ठरेल. तो जंतू या डोंगरांतला नेमाचा पाहुणा नाही; भारतात त्याच्या मोठ्या साथी दिल्लीसारख्या दाट वस्तीत झाल्या, त्यांतील १९८५ ची विशेष भीषण. येथील मुलांना ज्यांपासून भय अधिक, त्या हिब व न्यूमोकॉकस या जंतूंवरील लसी राष्ट्रीय कार्यक्रमात अनुक्रमे २०११ व २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आल्या. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. आफ्रिकेसाठी रोगाची गणना, किंमत, उष्णता, सुईंची संख्या आणि रस्ता या सर्वांचा विचार औषध बनण्याआधी झाला. आपल्या डोंगराळ तालुक्यांसाठी तो औषध बनल्यावर, पुष्कळदा साठ्याची मुदत संपत आल्यावर होतो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली आणि तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. हे दोन्ही बदल खरेदीचे आहेत. घाटावरच्या कपाटाचे नाहीत.

त्या कपाटाविषयीचा प्रयोग महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत झाला. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात गावातील स्त्रियांना नवजात बाळातील जंतुसंसर्ग ओळखण्याचे व जेंटामायसिनची सुई देण्याचे शिक्षण दिले. नवजात बाळात रक्तातील संसर्ग, न्यूमोनिया व मस्तिष्कावरणशोथ यांची लक्षणे वेगळी काढणे मोठ्या रुग्णालयातही अवघड असते. येथे ती वेगळी काढण्याचा हट्टच सोडून दिला गेला. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले, रडणे मंदावले, एवढ्यावर उपचार सुरू. १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या गावांचा विचार करता, ६२ टक्क्यांनी उतरले. वर सांगितलेले निरंकाचे चक्र येथे नेमके तुटले, कारण निदान नसतानाही साठा दिला गेला. निदानाशिवाय सुई देण्याच्या या रीतीवर वैद्यकीय वर्तुळात आक्षेप आले, आणि ते सर्वस्वी पोकळ नव्हते. जंतुनाशकांचा सैल वापर हा धोका खराच आहे.

२०१४ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला, मूल पुढे पाठविणे अशक्य असल्यास, लहान बाळाला जेंटामायसिनची सुई देण्यास मुभा दिली. गडचिरोलीच्या निष्कर्षांपासून या आदेशापर्यंत पंधरा वर्षे गेली. त्या आदेशानंतर जव्हार व मोखाड्याच्या उपकेंद्रांतील साठा-नोंदवह्या हे ऐतिहासिक साधन म्हणून निराळ्या मोलाचे झाले. आवक, वाटप, शिल्लक आणि मुदतबाह्य हे चार रकाने. त्यांच्या शेजारी त्याच महिन्याचे बालमृत्यू आणि त्याच महिन्याचा पाऊस मांडून पाहावा. जेथे वाटपाचा रकाना वर्षभर कोरा आणि मुदतबाह्याचा भरलेला दिसेल, तेथे आरोग्यसेविकेस सुई देण्याचे शिक्षण केव्हा मिळाले, हे तिच्या सेवापुस्तकात पाहावे लागेल.